आधी रंग विचारा!

फोन उघडा आणि ‘माउंटन बायकिंग, आल्प्स’ असं सर्च करा. पहिल्या दहा व्हिडिओंमध्ये काय असेल, ते न बघताही सांगता येतं. हेल्मेटवर लावलेला कॅमेरा, दोन्ही बाजूंना दरी, हातभर रुंदीची वाट आणि तिच्यावरून सुसाट सुटलेली सायकल. मागे बर्फाची शिखरं, कानात दणदणीत म्युझिक. खाली कॉमेंट्समध्ये साधारण दोन प्रकारचे लोक भेटतात. ‘भावा, आयुष्यात एकदा तरी करायचंच’ म्हणणारे आणि ‘आपल्याला नाही जमणार बाबा’ म्हणणारे.

पहिल्याला वाटतं, हिंमत असली की झालं. दुसऱ्याला वाटतं, हिंमत नाही म्हणजे विषय संपला. दोघांनीही व्हिडिओच्या बाहेरचा डोंगर पाहिलेला नसतो. ज्या डोंगरावर ती थरारक वाट आहे, त्याच डोंगरावर, बरेचदा त्याच लिफ्टच्या आसपास, आई-बाबा आठ-दहा वर्षांच्या पोरांना घेऊन आरामात उतरतील अशीही एक वाट असते. दोन्ही वाटांच्या तोंडाशी एकेक पाटी असते. एकीवर निळा रंग, दुसरीवर काळा. रीलमध्ये ही पाटी कधीच येत नाही. पण आल्प्सकडून आपल्या वयाच्या मुला-मुलींनी काही शिकायचं असेल, तर ते त्या पाटीकडून शिकावं, असं आमचं म्हणणं आहे.

आता मुळात सायकल त्या डोंगरावर पोचली कशी? आल्प्समधली कितीतरी गावं हिवाळ्यातल्या स्कीइंगवर जगतात. त्यासाठी डोंगरभर लिफ्ट आणि गोंडोला बांधलेल्या आहेत. पूर्वी बर्फ वितळला की यातल्या बऱ्याचशा उन्हाळाभर गप्प उभ्या राहायच्या, नाहीतर फिरायला आलेल्या मोजक्या लोकांना वर नेऊन सोडायच्या. आता त्याच लिफ्टला सायकल अडकवायची, आपण बसायचं, वर जायचं आणि उतरत खाली यायचं. शिवाय तापमान वाढतंय, कमी उंचीवरच्या गावांना बर्फाचा भरवसा राहिलेला नाही. त्यामुळे उन्हाळ्यातले पाहुणे हा या गावांसाठी पोटापाण्याचा प्रश्न झालाय. ऑस्ट्रियातलं झालबाख-हिंटरग्लेम घ्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये अल्पाइन स्कीइंगची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इथे झाली. आणि डोंगरापलीकडच्या लेओगांगमध्ये २०१२ आणि २०२० मध्ये माउंटन बायकिंगची जागतिक स्पर्धा झाली. डोंगर तेच, ऋतू बदलला की खेळ बदलतो.

स्कीइंगकडून सायकलला लिफ्ट मिळाल्या, तशीच रंगांची भाषाही मिळाली. फ्रान्समध्ये चार रंग आहेत: हिरवा, निळा, लाल, काळा. हिरवा म्हणजे अगदी सोपं, निळा म्हणजे सोपं, लाल म्हणजे कठीण, काळा म्हणजे फार कठीण. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी सुरुवातच निळ्यापासून होते. निळ्या वाटेवर रुंदी भरपूर असते, उतार मवाळ असतो, वळणं मोठी असतात आणि चाक जमिनीवरून उचलायची वेळ सहसा येत नाही. लाल वाटेवर झाडांची मुळं, दगड, छोट्या पायऱ्या, आखूड वळणं सुरू होतात. काळ्यावर उतार अंगावर येतो, उड्या येतात, आणि काही जागा अशा असतात की तिथे ब्रेक दाबून विचार करत बसायला वेळच मिळत नाही.

बांधीव बाइक पार्कच्या बाहेर, डोंगरातल्या नैसर्गिक पायवाटांसाठी जर्मन बोलणाऱ्या मुलखात आणखी एक मोजपट्टी वापरतात, ‘सिंगलट्रेल स्केल’. एस-० ते एस-५ अशा तिच्या सहा पायऱ्या. एस-० म्हणजे कुठलाही अडथळा नसलेली जंगलातली किंवा कुरणातली वाट. एस-१ ला छोटी मुळं, छोटे दगड आणि ४० टक्क्यांपर्यंतचा उतार. आता ४० टक्के हा आकडा परीक्षेत मिळाला तर आपण पास होतो. उतारावर मिळाला, तर १०० मीटर पुढे जाताना तुम्ही ४० मीटर, म्हणजे साधारण तेरा मजली इमारतीएवढे खाली येता. आणि ही खालून दुसरीच पायरी आहे! रील बघून ‘यात काय एवढं’ म्हणणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं.

एका डोंगरावर हे सगळं कसं बसतं, ते झालबाखला नीट दिसतं. कोलमाइस नावाच्या लिफ्टने वर गेलं की ‘मिल्का लाइन’ ही निळी वाट लागते. चॉकलेटचं नाव, स्वभावही तसाच. नवशिक्यांसाठी, कुटुंबांसाठी आखलेली. दरीच्या दुसऱ्या बाजूला शाटबर्गचं शिखर आहे, सुमारे २,०२० मीटर उंच. तिथून ‘एक्स-लाइन’ ही काळी वाट सुटते आणि सुमारे १,००० मीटर उंचीवरच्या गावात येऊन थांबते. म्हणजे उतार साधारण कळसूबाईवरून बारी गावात उतरण्याइतका, तोही सायकलवर, मुळं आणि दगडांमधून. लेओगांगला तर लिफ्टच्या पायथ्याशी लहान मुलांसाठी आणि नवशिक्यांसाठी सरावाचं वेगळं मैदान आहे. आणि त्याच लिफ्टच्या मार्गावर जगातले सगळ्यात वेगवान रायडर वर्ल्ड कपला उतरतात.

स्वित्झर्लंडमधल्या लेंत्सरहायडेला २०१८ ची जागतिक स्पर्धा झाली. तिथल्या बाइक पार्कमध्ये ‘फ्लोलाइन’ ही निळी वाट आहे आणि ‘स्ट्रेटलाइन’ ही वर्ल्ड कपची काळी वाट. नावांवरूनच कुणी कुठे जावं ते कळतं. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर पोर्त द्यु सोलेय नावाचा बारा गावांचा मोठा पट्टा आहे. ले जे, मोर्झिन, शातेल, शाम्पेरी ही त्यातली गावं सायकलवाल्यांच्या तोंडी असतात. एक पास काढायचा आणि हिरव्यापासून काळ्यापर्यंत, एका देशातून दुसऱ्या देशात, झेपेल तसं फिरायचं.

आता मुद्द्याची गोष्ट. पाटीवरचा रंग वाटेचा असतो, माणसाचा नसतो.

हे वाक्य साधं आहे, पण आपल्या डोक्यात ते उतरत नाही. आपल्याला लहानपणापासून लेव्हल माणसाला चिकटवायची सवय आहे. हुशार तुकडी, ढ तुकडी. टॉपर, बॅकलॉगवाला. त्यामुळे निळी वाट धरली की आपणच ‘निळे’ झालो असं वाटतं. ग्रुपमध्ये चार जण लालवर निघाले की पाचवा काही न बोलता मागे जातो. त्याला भीती वाटत नसते असं नाही. भीती वाटते असं म्हणण्याची भीती जास्त असते. डोंगरावर बरेच अपघात इथूनच सुरू होतात, सायकलवर बसायच्याही आधी.

ज्यांना खरंच येतं, त्यांचं बघा. वालेंटिना होल, म्हणजे सायकल जगाची ‘वाली’. डिसेंबर २००१ चा जन्म, आपल्याच पिढीची. झालबाखच्या परिसरात वाढलेली. डाउनहिलमध्ये २०२२, २०२३ आणि २०२४ अशी सलग तीन वर्षं ती जगज्जेती झाली. त्याआधी २०२० मध्ये लेओगांगला, म्हणजे तिच्या घरच्या डोंगरावर, जागतिक स्पर्धा होती. सरावात ती पडली, घोटा मोडला आणि स्पर्धा हातची गेली. लहानपणापासून ओळखीच्या असलेल्या डोंगरावरसुद्धा काळी वाट काळीच राहते, ती कुणाची ओळख ठेवत नाही. जगज्जेतीच्या बाबतीत हे घडू शकतं, तर आपण सकाळी भाड्याने सायकल घेऊन दुपारी काळ्यावर निघण्याआधी विचार करायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट शाम्पेरीची. २०११ ची जागतिक स्पर्धा तिथल्या प्रचंड उताराच्या वाटेवर झाली. पाऊस पडून सगळा चिखल झाला होता. ब्रिटनचा डॅनी हार्ट तेव्हा १९ वर्षांचा होता. त्याने ती वाट अशी काही उतरली, की दुसऱ्या क्रमांकावरचा रायडर ११ सेकंदांहून जास्त मागे राहिला. ज्या खेळात निकाल बरेचदा सेकंदाच्या तुकड्यावर लागतो, तिथे ११ सेकंद! तो व्हिडिओ आजही लोक पुन्हा पुन्हा बघतात. एकोणीस वर्षांचा पोरगा, म्हणजे आपल्या सेकंड इयरचा कुणीतरी. पण त्यातून ‘वय कमी असलं की बिनधास्त जमतं’ एवढंच घेतलं तर आपण अर्धीच गोष्ट ऐकली. तिथे पोचेपर्यंत त्या मुलाने किती सोप्या उतारांवर किती वेळा तेच वळण घेतलं असेल, ते कुणी शूट करत नाही.

शाम्पेरीचा चिखल आणखी एक गोष्ट सांगतो, ती पाटी सांगत नाही. रंग ठरवताना वाट कोरडी आहे आणि उजेड चांगला आहे असं धरलेलं असतं. पाऊस पडला की मुळं साबणासारखी होतात आणि कालची निळी वाट आज लालसारखी वागते. थकवा आला तरी तेच होतं. १,००० मीटरचा उतार म्हणजे सतत ब्रेक धरून बोटं आणि मनगटं अशी भरून येतात की शेवटच्या टप्प्यात ब्रेक दाबतोय का नाही हेच कळेनासं होतं. म्हणून ‘शेवटची एक फेरी’ हा डोंगरावरचा सगळ्यात महागडा मोह आहे. शिवाय एका गावातला निळा दुसऱ्या गावातल्या लालएवढा निघू शकतो. नव्या ठिकाणी पहिली फेरी आपल्या नेहमीच्या रंगापेक्षा एक पायरी खाली, हा नियम अनुभवी मंडळीही पाळतात. त्यांना कुणी घाबरट म्हणत नाही.

बऱ्याच जणांना वाटतं, सोपी वाट म्हणजे उरलीसुरली वाट. अवघड वाट घडवायला डोकं लागतं, सोपी काय, आपोआप होते. प्रत्यक्षात उलट आहे. डोंगराचा उतार मुळात तीव्रच असतो. त्यावरून नवशिक्याला न घाबरवता खाली आणायचं तर वाट पुन्हा पुन्हा वळवावी लागते, म्हणजे लांबी वाढते, खोदकाम वाढतं. प्रत्येक वळणावर मातीचा कलता कठडा उभारावा लागतो, त्याला ‘बर्म’ म्हणतात. तो असला की सायकल वळणाबाहेर फेकली जात नाही. पाणी वाटेवर साचू नये म्हणून उंचसखल लाटा द्याव्या लागतात. पेडल न मारता आणि ब्रेकही फारसा न दाबता सायकल वाहत राहिली पाहिजे, याला ‘फ्लो’ म्हणतात. आणि नवशिके ब्रेक जास्त दाबत असल्यामुळे वळणाआधी खड्डे पडतात, ते सतत बुजवावे लागतात.

सायकलवरच्या करामतींसाठी गाजलेला हान्स रे या माणसाने याच कारणासाठी ‘फ्लो कंट्री’ प्रकारच्या वाटांचा आग्रह धरला. तीव्र उतार नको, जीवघेणं काही नको, पण मजा सगळ्यांना आली पाहिजे, अशी त्यामागची कल्पना. इटलीतल्या लिविन्योला अशा वाटा आहेत. स्वतः दगडांवर सायकल नाचवणारा माणूस सोप्या वाटांसाठी भांडतो, ही गोष्ट आम्हाला फार भारी वाटते. कारण सरळ आहे. नवशिक्यांसाठी वाट नसेल, तर खेळ आधीपासून येणाऱ्यांचाच राहतो. नवी मुलं येत नाहीत, मुली येत नाहीत, पस्तिशीनंतर पहिल्यांदा सायकल हातात घेणारी मावशी येत नाही.

अवघड वाटांवरही प्रामाणिकपणाची एक सुंदर युक्ती वापरतात. काही ठिकाणी वाटेतला अवघड अडथळा मुद्दाम सुरुवातीलाच ठेवतात. तो जमला तर पुढे जा, नाही जमला तर इथूनच मागे फिर, कारण पुढे याच तोडीचं येणार आहे. अर्ध्या दरीत अडकवण्यापेक्षा दारातच खरं सांगून टाकलेलं बरं. आपल्या किती कोर्सेसच्या, किती क्लासेसच्या दारात असं कुणी सांगतं?

याचा अर्थ आल्प्समध्ये सगळं छान-छान आहे असं नाही. हा खेळ खिशाला परवडणारा नाही. लिफ्टचा पास, सायकलचं भाडं, तोंड झाकणारं हेल्मेट, गुडघ्या-कोपरांचे पॅड, विमा, सगळं जोडलं तर विद्यार्थ्याचा महिना हलतो. पाटी म्हणते वाट सगळ्यांसाठी आहे, तिकीटखिडकी तसं म्हणत नाही. जागेचाही प्रश्न आहे. ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने जंगलात पायी फिरायचा हक्क सगळ्यांना दिला, पण सायकल चालवायला जमीनमालकाची परवानगी लागते. त्यामुळे टिरोलसारख्या प्रांतात मालकांशी करार करून वाटा खुल्या केल्या जातात. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेनमध्ये पायी चालणारे आणि सायकलवाले बऱ्याच वाटा वाटून घेतात, मान पहिला चालणाऱ्याचा. वाटेत कुरणाचं फाटक आलं तर ते उघडून पुन्हा लावायचं, नाहीतर गाई दरीत. पायवाट सोडून शॉर्टकट मारला की तिथलं गवत लवकर परत येत नाही, कारण त्या उंचीवर उन्हाळाच थोडा. म्हणजे पाटी लावली की काम संपत नाही. पाटीमागे मालक, गुराखी, चालणारे, फावडं घेऊन वाट दुरुस्त करणारे, अशी बरीच माणसं उभी असतात.

आता तुम्ही म्हणाल, आल्प्स कुठे आणि आमचं कॉलेज कुठे. पण म्युनिक, स्टुटगार्ट, झुरिकला शिकायला गेलेले आपले मित्र-मैत्रिणी आहेतच. त्यांच्यासाठी हे डोंगर वीकेंडच्या टप्प्यात आहेत, आणि तिथे पहिल्यांदा गेल्यावर ‘आपण सह्याद्रीतले, आपल्याला काय’ हा माज नडू शकतो. ट्रेक करणारे पाय आणि उतारावर ब्रेक सांभाळणारी बोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एवढंच सांगणं: पहिल्या दिवशी निळा. सोबत शिकवणारा असेल तर उत्तम. सायकल भाड्याने घेताना ‘येतं मला’ म्हणण्यापेक्षा ‘पहिल्यांदाच’ म्हणा, दुकानदार ब्रेक आणि सीट तुमच्या मापाने लावून देईल. उतारावर सीट खाली, वजन दोन्ही पायांवर, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर. आणि एखादा टप्पा झेपत नसेल तर उतरून सायकल ढकलत न्या. कुणी हसत नाही. हसलाच कुणी, तर तो नवखा समजा.

आणि इथल्या आपल्यासाठी? पावसाळा आला की ट्रेकच्या पोस्ट सुरू होतात. जवळपास प्रत्येकीवर ‘इझी टू मॉडरेट’ लिहिलेलं. कोरड्या हवेत सोपा असलेला कातळ पावसात कसा होतो, वाटेत दोर लागेल का, किती तास चालायचंय, उतरताना अंधार पडेल का, यातलं कितीतरी वेळा काहीच नसतं. ज्याने त्याने आपल्या मनाने रंग द्यायचा, आणि तोही जास्त लोक यावेत म्हणून शक्य तितका फिका. टेकड्यांवर सायकली घेऊन जाणाऱ्यांची संख्याही वाढतेय, पण वाटेच्या तोंडाशी ‘ही वाट कुणासाठी’ हे सांगणारी पाटी सहसा दिसत नाही. मग नवखा माणूस एक तर जातच नाही, किंवा जातो आणि मधेच अडकतो.

पाट्या लावणं वनखात्याचं, पंचायतीचं, संस्थांचं काम आहे, ते मागत राहूच. पण काही गोष्टींना परवानगी लागत नाही. कॉलेजच्या हायकिंग क्लबने पुढच्या ट्रेकच्या पोस्टमध्ये खरी लेव्हल लिहावी: किती चढ, किती तास, कुठली जागा अवघड, पाऊस असेल तर काय. निघण्याआधी ग्रुपमध्ये प्रत्येकाला विचारावं, आणि ज्याला सगळ्यात कमी येतं त्याच्यावरून वाट ठरवावी. रील टाकताना ‘ही काळी वाट आहे, मी तीन वर्षं निळ्यावर होतो’ एवढी एक ओळ खाली टाकायला काय जातं? व्ह्यूज थोडे कमी येतील कदाचित. पण ती ओळ वाचून एखादा नको तिथे जायचा थांबेल, आणि ‘आपल्याला नाही जमणार बाबा’ म्हणणारी एखादी निळ्या वाटेपासून सुरुवात करेल.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी म्हणालं, ‘चल, भारी स्पॉट आहे, जाऊ,’ तर नाही म्हणू नका. जा, जरूर जा. फक्त निघण्याआधी एक प्रश्न विचारा: रंग कोणता? आणि उत्तर ऐकून ‘आज मला निळाच पाहिजे’ असं म्हणावंसं वाटलं, तर ते मोठ्याने म्हणा. ग्रुपमधल्या आणखी दोघांना तेच म्हणायचं असतं.